काटा कुणाच्या हातात?



समाजवादात शेतकरी सुखी, असे शिकवणारे आम्हाला कृषी महाविद्यालयात पुष्कळ भेटले. कापसापुरते तरी तपासू या. सोव्हिएत उझबेकिस्तानात किती कापूस पिकवायचा आणि काय भावाने घालायचा, हे मॉस्कोत ठरे. शाळा होती, दवाखाना होता. ते नाकारण्यात अर्थ नाही. पण वेचणीला त्याच शाळेतली पोरे जुंपत. आमू आणि सिर नद्यांचे पाणी कापसाला वळवले. १९६० नंतर अरल समुद्र आटत गेला, होड्या वाळूत रुतल्या. कोटा पुरा होईना म्हणून कागदावरच कापूस पिकला. ते बिंग १९८० च्या दशकात फुटले. १९९१ साली सोव्हिएत संघ गेला, सरकारी कोटा मात्र २०२० पर्यंत राहिला!

मग अमेरिकेची भांडवलशाही? तिथला कापूसवाला म्हणे बाजाराच्या बळावर जगतो. ब्राझीलच्या तक्रारीवर जागतिक व्यापार संघटनेने २००४ साली निकाल दिला: अमेरिकी सरकारचे कापूस-अनुदान नियमबाह्य. त्या अनुदानाने जगाचा भाव पडतो, आणि तोच पडका भाव आमच्या कोरडवाहू कापसाला दाखवतात.

आणि आपल्याकडे? १९७२ पासून एकाधिकार खरेदी. कापूस राज्याबाहेर नेला तर शेतकरी चोर! ती गेली, बाजार खुला झाला म्हणाले. कसला खुला? मार्च २०१२ मध्ये गिरण्यांसाठी निर्यातबंदी. ऑगस्ट २०२५ मध्ये, वेचणीच्या तोंडावर, ११ टक्के आयातशुल्क माफ. आधी सप्टेंबरपर्यंत, मग डिसेंबरपर्यंत. भाव पडला की आम्हाला बाजार दाखवायचा, चढला की सरकार धावून येणार. बैठकीला पुढारी आले तर आधी या दोन तारखांचा जाब विचारू.