कोडिंग शिकायचंय? आधी पट मांडा!

सापशिडीचा डाव रंगात आलाय. सोंगटी ९८ वर आहे आणि फाशावर पडले पाच. आता काय? कुणाच्या घरी सोंगटी जागची हलत नाही, कुणाच्या घरी ती शंभराला शिवून तीन घरं मागे येते. आणि बहुतेक घरांत आधी भांडण होतं! प्रोग्रॅमर मंडळी अशा प्रसंगाला ‘एज केस’ म्हणतात. नियम करताना ज्या टोकाच्या परिस्थितीचा विचारच झाला नव्हता, नेमकी तीच समोर येते. माणसं भांडून मार्ग काढतात, कॉम्प्युटरला ते जमत नाही. त्याला सगळं आधीच, स्पष्ट सांगावं लागतं. कोडिंग म्हणजे मुळात हेच सांगणं. म्हणूनच शाळेत त्याची सुरुवात स्क्रीनवर नाही, पटावर व्हायला हवी.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने सहावी ते आठवीच्या टप्प्यावर कोडिंगची ओळख करून द्यायला सांगितलं. त्याच सुमारास ऑनलाइन क्लासच्या जाहिरातींचा पूर आला. जणू दहा वर्षांच्या पोराने अ‍ॅप बनवलं नाही तर त्याचं आयुष्यच वाया! पण ‘यूडायस प्लस’च्या अहवालानुसार २०२४-२५ मध्ये देशातल्या ६४.७ टक्के शाळांमध्येच कॉम्प्युटरची सोय होती. म्हणजे साधारण दर तीन शाळांमागे एकीत तीही नाही. तिथल्या मुलांनी काय नुसती वाट बघत बसायचं?

‘रोबॉट टर्टल्स’ नावाचा एक बोर्ड गेम आहे. डॅन शापिरो या अमेरिकी उद्योजकाने २०१३ मध्ये तो लोकवर्गणीतून बाजारात आणला. तो चार वर्षांच्या मुलांनाही खेळता येतो. मूल ‘पुढे’, ‘डावीकडे’, ‘उजवीकडे’ अशी पत्ती मांडतं आणि मोठं माणूस त्याबरहुकूम कासव हलवतं. हुकूम मुलाचा, हमाली मोठ्यांची! चाल चुकली की मूल ‘बग’ म्हणून ओरडतं आणि ती मागे घेतं. यातलं कासवही उगाच आलेलं नाही. १९६७ मध्ये सेमूर पॅपर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुलांसाठी ‘लोगो’ ही प्रोग्रॅमिंगची भाषा तयार केली. पुढे त्यातलं हुकमावर चालणारं कासव प्रसिद्ध झालं, त्याचाच हा वारसा.

हा खेळ विकतच घ्यायला हवा असं अजिबात नाही. वर्गातल्या फरशीवर खडूने चौकोन आखा. एक मूल कासव, बाकीचे प्रोग्रॅमर. चिठ्ठ्यांवर सूचना लिहायच्या आणि कासवाला दप्तरापर्यंत पोहोचवायचं. अट एकच, कासवाने स्वतःचं डोकं चालवायचं नाही! पहिल्याच फेरीत मुलांना कळतं, की कासवाचं डावं वेगळं आणि समोर उभ्या असलेल्या आपलं वेगळं. ‘पुढे, पुढे, पुढे’ लिहून कंटाळा आला की कुणीतरी म्हणतंच, ‘अरे, तीन वेळा पुढे असं लिही ना!’ झाला लूप शिकून. ‘समोर बाक असेल तर उजवीकडे वळ’ ही झाली कंडिशन.

‘हा तर नुसता टाइमपास!’ असं काही पालक म्हणतील. त्यात थोडं तथ्य आहे. नुसतं फासे टाकून कुणी प्रोग्रॅमर होत नाही. खरी मेख डाव संपल्यानंतरच्या प्रश्नांत आहे. कुठली चिठ्ठी चुकली? हेच कमी चिठ्ठ्यांत जमलं असतं का? हे प्रश्न विचारणारं कुणी नसेल तर खेळ हा खेळच राहतो. पण ते विचारले गेले, तर आपली चूक शोधणं ही शिक्षा न वाटता डावाचाच भाग वाटते. इंजिनीअरिंगच्या पहिल्या वर्षी प्रोग्रॅम पाठ करून पेपर देणारे आपल्या आसपास कमी नाहीत. एरर आला की त्यांचे हातपाय गळतात, कारण चूक कशी शोधायची हे त्यांना कधी कुणी शिकवलेलंच नसतं.

मात्र याचा उलटा अर्थ कुणी काढू नये. ‘खडूवर भागतंय, मग कॉम्प्युटर कशाला?’ ही पळवाट सरकारला आणि संस्थाचालकांना मिळता कामा नये. पट ही पहिली पायरी आहे, कॉम्प्युटर ही पुढची आणि दोन्हींवर प्रत्येक मुलाचा हक्क आहे.

तोवर आपण काय करू शकतो? राज्यातल्या शाळांमध्ये ‘आनंददायी शनिवार’ आहे, कॉलेजांमध्ये ‘एनएसएस’ आहे. कोडिंग येणाऱ्या चार मित्रांनी जवळच्या शाळेतल्या सरांना किंवा बाईंना भेटून एक तास मागून घ्यावा. खर्च खडूच्या पेटीचा. आणि हो, कासव व्हायची पहिली पाळी तुमची. पोरांनी चुकीची चिठ्ठी दिली तरी निमूटपणे भिंतीवर जाऊन आदळायचं!