मालकीचे घर, भाडेकरूचे मन

गुढीपाडवा, अक्षय्य तृतीया, दसरा आणि बलिप्रतिपदा हे मुहूर्त जवळ आले, की वृत्तपत्रांची पहिली पाने बांधकाम व्यावसायिकांच्या जाहिरातींनी व्यापून जातात. नदीकाठची संकुले, तरणतलाव, हिरवळीवर खेळणारी मुले आणि त्याखाली ठळक अक्षरांत छापलेला मासिक हप्ता. स्वप्नांच्या या बाजारात एका विषयाबद्दल मात्र सर्वांचेच मौन असते. कलशपूजन करून कुटुंब ज्या दिवशी उंबरठा ओलांडते, त्या दिवसानंतर येणाऱ्या वीस-तीस वर्षांबद्दल कोणी चकार शब्द काढत नाही. 'घर पाहावे बांधून, लग्न पाहावे करून' असे जुने जाणते सांगत आले. आजच्या काळात त्याला पुस्ती जोडायला हवी : घर पाहावे चालवून!

महाराष्ट्रातील मध्यमवर्ग मालकीच्या घरात आला तो तुलनेने अलीकडे. गिरगाव, दादर, परळ येथील दोन-तीन पिढ्या चाळींत भाड्याने राहिल्या. १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने मुंबईतील भाडी १९४० च्या पातळीवर गोठवली. भाडेकरूला संरक्षण मिळाले, पण त्या भाड्यात इमारतीची डागडुजी होईना. मालकाने हात वर केले, भाडेकरूने मालकाकडे बोट दाखवले आणि वास्तू खचत गेल्या. अखेर १९६९ साली शासनाला दुरुस्तीसाठी स्वतंत्र मंडळ स्थापन करून उपकर बसवावा लागला. ज्या वास्तूसाठी कोणीच पैसा बाजूला काढून ठेवत नाही ती वास्तू उभी राहत नाही, हा त्या इतिहासाचा धडा आहे.

त्याच मुंबईत १९१५ साली गावदेवी येथे सारस्वत मंडळींनी सहकारी गृहनिर्माण संस्था उभी केली होती. परस्परांवरील विश्वास आणि काटेकोर हिशोब यांच्या बळावर सामान्य पगारदारही सन्मानाने राहू शकतो, हे त्या प्रयोगाने दाखवून दिले. पुढे डोंबिवली, ठाणे, मुलुंड, बोरिवली, पुण्याची उपनगरे, नाशिक अशी मध्यमवर्गाची घरे पसरत गेली. १९६० चा सहकारी संस्था कायदा आणि १९६३ चा मालकी सदनिकांविषयीचा कायदा यांनी या घरांना वैधानिक चौकट दिली. भाडेकरू मालक झाला. दुर्दैवाने मन मात्र भाडेकरूचेच राहिले. गळती लागली की चिटणिसाला बोल लावायचा, देखभाल खर्च वाढला की सभेत आवाज चढवायचा आणि एरवी सभेकडे फिरकायचे नाही! चाळीत बोट दाखवायला मालक तरी होता. आज ते बोट वळून स्वतःकडेच येते, याचे भान फार थोड्या कुटुंबांना आहे.

मालकीचा पहिला हिशोब कर्जाचा. चाळीस लाखांचे घर आणि त्यासाठी काढलेले तीस लाखांचे कर्ज, हे आज कनिष्ठ मध्यमवर्गीय कुटुंबाचे सामान्य चित्र होय. साडेआठ टक्के व्याजाने वीस वर्षांसाठी हे कर्ज घेतले तर मासिक हप्ता सुमारे २६ हजार रुपये येतो. पहिल्या महिन्याच्या हप्त्यातील २१,२५० रुपये व्याजापोटी जातात आणि मुद्दलातून जेमतेम पावणेपाच हजार वजा होतात. पाच वर्षांत कुटुंबाने साडेपंधरा लाखांहून अधिक रक्कम भरलेली असते, पण मुद्दल कमी होते ते साधारण साडेतीन लाखांनी. वीस वर्षांअखेर तीस लाखांच्या कर्जापोटी सुमारे साडेबासष्ट लाख रुपये मोजलेले असतात. यात कोणी फसवणूक केली असे नाही, हे चक्रवाढीचे शुद्ध गणित आहे. तथापि सही करण्यापूर्वी हे गणित स्वयंपाकघरातील टेबलावर कागदपेन्सिल घेऊन मांडणारी घरे किती?

त्यातही व्याजदर स्थिर राहत नाही. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या अवघ्या नऊ-दहा महिन्यांत रिझर्व्ह बँकेचा रेपो दर ४ टक्क्यांवरून साडेसहा टक्क्यांवर गेला. २०२१ च्या आरंभी पावणेसात टक्क्यांनी तीस लाखांचे कर्ज घेतलेल्या कुटुंबाचा हप्ता सुमारे २२,८०० रुपये होता. दोन वर्षांनी दर सव्वानऊ टक्के झाला तेव्हा उरलेल्या मुद्दलावरील एका महिन्याचे व्याजच २१,९०० रुपयांच्या आसपास होऊ लागले. हप्ता तेवढाच ठेवला तर उरलेली अठरा वर्षे कागदोपत्री जवळजवळ पस्तीस वर्षे होतात! अनेकांचा हप्ता वाढला नाही म्हणून ते निश्चिंत होते. मुदत मुकाट्याने निवृत्तीच्या पलीकडे सरकली, हे त्यांना कळलेच नाही. यास्तव ऑगस्ट २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेला आदेश काढावा लागला, की दर बदलल्यास हप्ता वाढवायचा की मुदत, याचा पर्याय बँकेने कर्जदारापुढे ठेवावा. हा पर्याय ग्राहकाचा अधिकार आहे. तो न वापरणे म्हणजे आपल्या संसाराची दोरी दुसऱ्याच्या हाती देणे होय.

२०२५ मध्ये चक्र उलट फिरले आणि वर्षअखेरीपर्यंत रेपो दर सव्वापाच टक्क्यांवर उतरला. दर उतरले की हप्ता कमी करून घेण्याचा मोह होतो. वस्तुतः शहाणपण हप्ता तेवढाच ठेवून मुदत घटवण्यात आहे. बदलत्या दराच्या वैयक्तिक गृहकर्जावर मुदतपूर्व परतफेडीचा दंड बँकांना २०१२ पासून आकारता येत नाही. दिवाळीच्या बोनसमधून वर्षाला एक जादा हप्ता भरला, तर साडेआठ टक्क्यांचे वीस वर्षांचे कर्ज सव्वातीन वर्षांहून अधिक आधी फिटते. मुलाच्या उच्च शिक्षणाची वेळ नेमकी तेव्हाच आलेली असते.

दुसरा हिशोब जाहिरातीत न छापलेल्या रकमांचा. चाळीस लाखांच्या घरासाठी बँकेने तीस लाख दिले, तर दहा लाख स्वतःचे लागतात, एवढ्यावर बहुतेकांचे गणित थांबते. मुद्रांक शुल्क मुंबई, ठाणे, पुणे या शहरांत सहा ते सात टक्के आहे. म्हणजे सात टक्क्यांनी दोन लाख ऐंशी हजार आणि नोंदणीचे तीस हजार, असे आणखी तीन लाखांवर रुपये रोख उभे करावे लागतात. घर केवळ महिलेच्या नावे घेतल्यास २०२१ पासून मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत मिळते, परंतु तिचा लाभ घेण्याची तयारी फार थोड्या पुरुषांची असते. त्यापुढे सजावट येते. शेजाऱ्याकडे झाले तसे स्वयंपाकघर, तशीच छते, तसाच सोफा आणि त्यासाठी वेगळे, अधिक महाग कर्ज! ऋण काढून सण करू नये, हे ज्या घरांत लहानपणापासून ऐकवले जाते, तेथेही वास्तुशांतीच्या उत्साहात हे वचन विसरले जाते. पहिली दोन वर्षे जुन्याच कपाटाने काढली, तर प्रतिष्ठेला बाध येत नाही. याउलट सहा महिन्यांचा घरखर्च आणि हप्ते भागतील एवढी गंगाजळी बँकेत नसेल, तर एक आजारपण किंवा एक नोकरीकपात सारे घर हलवून सोडते.

तिसरा हिशोब वास्तूचा स्वतःचा असून तोच सर्वाधिक उपेक्षित आहे. गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार प्रत्येक सदनिकेच्या बांधकाम खर्चाच्या, म्हणजे जमिनीची किंमत वगळून येणाऱ्या रकमेच्या, दरसाल पाऊण टक्का दुरुस्ती निधीसाठी आणि किमान पाव टक्का सिंकिंग फंडासाठी जमा करणे अपेक्षित आहे. सहाशे चौरस फुटांच्या घराचा बांधकाम खर्च पंधरा लाख धरला, तर ही रक्कम महिन्याला साडेबाराशे रुपये होते. चाळीस बिऱ्हाडांच्या इमारतीत वीस वर्षांत, व्याज न धरताही, एक कोटी वीस लाख रुपये जमतात. कोणापुढे हात न पसरता वास्तूचा जीर्णोद्धार होऊ शकेल एवढी ही रक्कम आहे. प्रत्यक्षात काय घडते? देखभाल खर्च कमी ठेवणारी समिती लोकप्रिय ठरते. दुरुस्ती निधी नाममात्र राहतो, सिंकिंग फंड प्रवेशद्वाराच्या सुशोभीकरणात आणि रंगरंगोटीत खर्ची पडतो आणि पंचविसाव्या वर्षी खांबांतील लोखंड उघडे पडते.

त्या दिवशी प्रत्येक सदस्याला एकरकमी दीड-दोन लाखांची मागणीपत्रे जातात. नोकरीत असलेला तरुण ती कशीबशी भरतो. तिसऱ्या मजल्यावरील निवृत्त दांपत्याचे काय? त्यांनी उभ्या आयुष्याची भविष्यनिर्वाह निधीची रक्कम या घरात घातलेली असते. मुलगा बंगळुरूला किंवा परदेशी असतो. ठेवींच्या व्याजावर औषधपाणी चालते. कागदावर ते लक्षाधीश, हातात मात्र वीजबिलापुरते पैसे! वीस वर्षे महिन्याला हजार रुपये कमी भरल्याचा आनंद सर्वांनी मिळून घेतला, त्याची किंमत आता सर्वांत दुर्बळ सदस्याने मोजायची, हा न्याय नव्हे.

किंमत नेहमी पैशांतच मोजावी लागते असेही नाही. जुलै २०१७ मध्ये घाटकोपर येथे एका गृहनिर्माण संस्थेची चार मजली इमारत कोसळून १७ जणांचा बळी गेला. तळमजल्यावरील फेरबदलांत इमारतीच्या आधाराला धक्का लावल्याचा आरोप त्या वेळी झाला. 'माझी सदनिका, मी हवे ते करीन' ही मालकीची कल्पना किती घातक आहे, याचे याहून विदारक उदाहरण नाही. खांब आणि तुळया कोणा एकाच्या नसतात. पंधरा वर्षांवरील इमारतीची पाच वर्षांतून एकदा आणि तीस वर्षांवरील इमारतीची तीन वर्षांतून एकदा संरचनात्मक तपासणी करावी, असे उपविधी सांगतात. तो खर्च टाळणे म्हणजे साठीच्या माणसाने रक्तदाब मोजण्यास नकार देणे होय.

चौथा हिशोब जमिनीचा. सदनिकेच्या करारावर सही झाली म्हणजे मालकी पूर्ण झाली, हा गैरसमज सुशिक्षितांतही रूढ आहे. इमारतीखालची जमीन संस्थेच्या नावे झालेली नसेल, तर ती मालकी अर्धीच राहते. हे अभिहस्तांतरण करून देणे १९६३ च्या कायद्याने विकासकावर बंधनकारक केले होते. असंख्य विकासकांनी ते टाळले, म्हणून २००८ साली कायदा बदलून मानीव अभिहस्तांतरणाची तरतूद करण्यात आली. विकासक सहकार्य करीत नसल्यास सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करून संस्थेला स्वतः हे काम तडीस नेता येते. तरीही पुनर्विकासाचा प्रश्न दारात येईपर्यंत जमिनीचा उतारा कोणाच्या नावे आहे, हे पाहण्याची तसदी अनेक संस्था घेत नाहीत. मग घाईघाईने सह्या होतात, जास्त चौरस फुटांच्या आमिषापुढे कराराची कलमे कोणी वाचत नाही आणि भाड्याच्या घरात वृद्ध सदस्य आपल्या नव्या घराची वाट पाहत राहतात. २०१६ च्या 'रेरा' कायद्याने आणि २०१७ पासून कार्यरत झालेल्या महारेराने नव्या प्रकल्पांची माहिती ग्राहकासमोर खुली केली. कायदा दार उघडून देतो, आत डोकावण्याचे कष्ट ज्याचे त्यानेच घ्यावे लागतात.

कुटुंबाच्या अंतर्गत व्यवहारातही अशीच शिथिलता दिसते. घरातील कर्त्या पुरुषाच्या पश्चात हप्ता किती, विमा आहे का, कागदपत्रे कोठे आहेत, हे पत्नीला ठाऊक नसते. संस्थेकडे नामनिर्देशन केले म्हणजे वारसाचा प्रश्न मिटला, असे मानले जाते. नामनिर्देशित व्यक्ती ही वारसांच्या वतीने घर सांभाळणारी असते, तेवढ्याने ती मालक होत नाही. साध्या मृत्युपत्राअभावी सख्ख्या भावंडांत वर्षानुवर्षे अबोला धरलेली घरे प्रत्येक आळीत सापडतील. ज्या वास्तूसाठी आईवडिलांनी पोटाला चिमटा घेतला, ती मुलांच्या दुराव्याचे कारण ठरावी, यासारखी शोकांतिका नाही.

भारतीय परंपरेने गृहस्थाश्रमाला अन्य सर्व आश्रमांचा आधार मानले. त्या आधाराला भावनेइतकीच व्यवस्थेचीही जोड हवी. आठवड्यातून एक संध्याकाळ एकत्र भोजन करणाऱ्या कुटुंबाने वर्षातून एकदा घराचा ताळेबंदही एकत्र मांडावा. कर्ज किती उरले, विमा पुरेसा आहे का, मालमत्ता कर आणि देखभाल खर्च वेळेवर जातो का, हे मुलांनाही कळू द्यावे. पित्याची विवंचना ज्यांना ठाऊक असते, त्या मुलांचे हट्ट आपोआप आवरतात.

आणि उंबरठ्याबाहेरचे काम कार्यकर्त्यांचे आहे. समाजसंघटनेच्या गप्पा ज्या इमारतीच्या गच्चीवर होतात, त्याच इमारतीची वार्षिक सभा गणपूर्तीअभावी तहकूब होत असेल, तर ती संघटना कशाची? ३० सप्टेंबरपूर्वी होणाऱ्या या सभेला कुटुंबासह जावे, ताळेबंद वाचून जावे, निधीची वर्गणी योग्य प्रमाणात वाढवण्याचा अप्रिय ठराव मांडण्याचे धैर्य दाखवावे. लेखापाल, अभियंता, वकील प्रत्येक वसाहतीत असतात. त्यांनी महिन्यातून दोन तास दिले, तर शेजारच्या दहा संस्थांचे अभिहस्तांतरणाचे अर्ज मार्गी लागतील. दुर्बळ शेजाऱ्याची निकड ओळखून त्याला हप्ते पाडून देण्याचे औदार्य संस्थेने दाखवावे. एका छपराखाली राहणाऱ्या चाळीस कुटुंबांना परस्परांच्या विश्वासावर एक वास्तू नीट चालवता आली, तर त्याहून मोठे समाजशिक्षण दुसरे कोणते?

किल्ली हाती येते तेव्हा घर फक्त ताब्यात येते. त्याची मालकी दरमहा थोडी थोडी मिळवावी लागते, हप्ता भरून, निधी जमवून आणि शेजाऱ्याची भिंत आपलीच समजून.