विश्लेषण : सोसायटीच्या आवारातील पाणी रस्त्यावर का येते?

२६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि मुंबईतील पर्जन्यजल वाहिन्यांची मर्यादा उघड झाली. त्यानंतर वाहिन्या रुंदावण्यावर भर राहिला. पण पाणी जिथून येते त्या आवारांचे काय?

गणित कुठे चुकते?
जुन्या वाहिन्या ताशी २५ मिलिमीटर पावसासाठी होत्या. निम्मे पाणी जमिनीत मुरेल, असे त्यात गृहीत होते. ‘ब्रिमस्टोवॅड’ प्रकल्पात हा निकष ताशी ५० मिलिमीटर झाला. मात्र माती काँक्रीटखाली गेली, की जवळपास सगळे पाणी बाहेर वाहते. १,००० चौरस मीटर भूखंडावर ५० मिलिमीटर पाऊस म्हणजे ५० हजार लिटर पाणी.

पर्जन्यजल संचयनाची टाकी पुरेशी नाही?
ती वापराचे पाणी साठवते, त्यामुळे भर पावसाळ्यात भरलेलीच असते. पूर टाळण्यासाठीची टाकी पावसाआधी रिकामी हवी. भरतीच्या वेळी पाणी अडवायचे आणि ओहोटीला सोडायचे. हिंदमाता परिसरासाठी बांधलेल्या भूमिगत टाक्यांमागे हेच तत्त्व आहे.

आराखड्यात काय हवे?
कडेने मोकळी माती, पाणी झिरपू देणारे पेव्हर ब्लॉक आणि गच्चीच्या पाण्यासाठी स्वतंत्र टाकी. तळघर कुंपणापर्यंत नेल्यास मुरण्यासाठी जमीनच उरत नाही. त्यामुळे पुनर्विकासात हा निर्णय आराखडा मंजूर होण्यापूर्वीच घ्यावा लागतो. इमारत उभी राहिल्यावर टाकीसाठी जागा मिळणे कठीण असते.