मन सावरायला पदवी लागत नाही, पण जात कळावी लागते

'नैराश्य' हा शब्द वस्तीत कुणी वापरत नाही. "कशात मन लागत नाही", "छातीत धडधडतं", "झोपच येत नाही" असं आपली माणसं सांगतात. येरवड्याच्या मनोरुग्णालयाची धास्ती आणि खासगी समुपदेशकाची फी, या दोन्हींच्या मधे ताडीवाला रोड आणि दांडेकर पूल अडकले आहेत. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणाने सांगितलं की, नैराश्य-चिंतेसारखे आजार असलेल्या १०० पैकी ८५ जणांपर्यंत उपचार पोहोचतच नाहीत.

यावर उपाय आहे आणि तो सिद्ध झालेला आहे. गोव्यात 'संगाथ' संस्थेने मानसशास्त्राची पदवी नसलेल्या स्थानिक माणसांना प्रशिक्षण दिलं. प्राथमिक आरोग्य केंद्रात सहा ते आठ भेटी. ऐकून घेणं, सुटलेली रोजची कामं थोडी थोडी पुन्हा सुरू करायला लावणं, अडचणीवर मिळून वाट काढणं. २०१७ साली 'लॅन्सेट'मध्ये निष्कर्ष आले: अशा भेटी मिळालेले ६४ टक्के लोक तीन महिन्यांत नैराश्यातून बाहेर आले, न मिळालेल्यांत हे प्रमाण ३९ टक्के होतं. पुण्याच्या आयएलएस लॉ कॉलेजमधील केंद्राने नाशिकच्या पेठ तालुक्यात 'आत्मीयता' उपक्रम राबवला. तिथले गावकरी स्वयंसेवक धीर देतात आणि सरकारी योजनाही मिळवून देतात. पोटाचा प्रश्न तसाच ठेवून मन सावरत नाही, हे त्यांनी ओळखलं.

पण आमचा आक्षेप अभ्यासक्रमावर आहे. अशा अनेक उपचारपद्धतींत 'चुकीचा विचार ओळखा आणि बदला' असं शिकवतात. एखादी विद्यार्थिनी म्हणाली, "आडनाव कळल्यापासून मला डावलतात," तर समुपदेशक हा 'चुकीचा विचार' म्हणून नोंदवणार का? मग आजारी कोण ठरलं? रोहित वेमुला, पायल तडवी यांच्यासाठी आपण रस्त्यावर उतरलो, ते हा प्रश्न मनाच्या कमकुवतपणाचा नाही हे सांगायलाच.

काही कार्यकर्ते म्हणतात, "संघर्ष हेच औषध." मान्य. पण जो अंथरुणातून उठूच शकत नाही, तो मोर्चात कसा येणार? अन्यायाविरुद्ध तक्रार लिहायलाही मन थाऱ्यावर लागतं. समुपदेशन संघर्षाची जागा घेत नाही, ते माणसाला संघर्षापर्यंत आणतं.

२०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याचं कलम १८ जातीचा भेदभाव न करता उपचाराचा हक्क देतं. म्हणून आमच्या मागण्या: बार्टीचं मुख्यालय पुण्यातच आहे, स्पर्धा परीक्षांच्या वर्गांसोबत तिने हे प्रशिक्षणही सुरू करावं. त्यात जातीचे अनुभव आणि अ‍ॅट्रॉसिटी कायदा शिकवावा. समुपदेशकांवर अनुभवी डॉक्टरांची देखरेख असावी, गंभीर रुग्ण वेळेत त्यांच्याकडे जावा. आणि मानधन हवंच. वस्तीतल्या बायांकडून 'सेवा' म्हणून फुकट राबवून घेणं बंद करा.

मागण्या मान्य होईपर्यंत आपण थांबायचं का? नाही. 'टेली-मानस'चा १४४१६ हा मोफत क्रमांक प्रत्येक विहाराच्या आणि अभ्यासिकेच्या फलकावर लिहा. जिथे प्रशिक्षण मिळेल तिथे नाव नोंदवा. १८४८ साली भिडेवाड्यात शिकवायला सावित्रीबाईंनी कुणा पंतोजीची वाट पाहिली नाही. त्या स्वतः शिकल्या आणि उभ्या राहिल्या. आपल्या माणसांचं दुःख ऐकायला आपणही शिकू या.

जय भीम!