विश्लेषण : निदानाची सोय झाली, विशेष शिक्षकांचे काय?

बेंगळुरू : वाचन, लेखन किंवा गणितात सातत्याने अडखळणाऱ्या मुलाला अध्ययन अक्षमता आहे का, हे तपासण्याची चाचणी बेंगळुरूच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य व चेताविज्ञान संस्थेने (निम्हान्स) विकसित केली. केंद्र सरकारने जानेवारी 2018 मध्ये अधिसूचित केलेल्या मार्गदर्शक सूचनांत निदानासाठी याच चाचणीचा निर्देश होता. मात्र निदानानंतरचे साहाय्य मुलाला घराजवळच्या शाळेत मिळावे लागते आणि व्यवस्था तेथेच तोकडी पडते.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 ने दिव्यांगत्वाच्या प्रकारांची संख्या 7 वरून 21 केली. त्यात विशिष्ट अध्ययन अक्षमता आणि स्वमग्नता यांचाही समावेश झाला. किमान 40 टक्के दिव्यांगत्व असलेल्या 6 ते 18 वयोगटातील मुलांना परिसरातील किंवा पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क मिळाला.

या हक्काकडे जाणारी पहिली पायरी शाळेतच आहे. 2018 च्या सूचनांनुसार तिसरीत किंवा आठव्या वर्षी प्राथमिक पडताळणी शिक्षकांनी करायची होती. त्यानंतर बालरोगतज्ज्ञ आणि मानसशास्त्रज्ञांकडून तपासणी व्हायची होती. शिक्षकाला लक्षणे ओळखता आली नाहीत, तर मूल आळशी ठरते आणि रुग्णालयापर्यंत पोहोचतच नाही.

बेंगळुरूसारख्या बहुभाषिक शहरात ही ओळख अधिक कठीण होते. घरी तमिळ, तेलुगू, उर्दू किंवा मराठी बोलणारे मूल कन्नड वा इंग्रजी माध्यमात शिकत असेल, तर त्याची अडचण भाषेच्या अपरिचयामुळे आहे की अक्षमतेमुळे, हे घरची भाषा विचारात घेतल्याशिवाय सांगता येत नाही.

प्रमाणपत्रामुळे परीक्षेत जादा वेळ किंवा लेखनिकाची सवलत मिळू शकते. वाचनाचा नियमित सराव मात्र प्रशिक्षित शिक्षकच घेऊ शकतो. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर 2021 मध्ये प्राथमिक स्तरावर दर 10 आणि त्यापुढील स्तरांवर दर 15 विशेष विद्यार्थ्यांमागे एक विशेष शिक्षक, असे प्रमाण ठरवून दिले. मार्च 2025 मध्ये न्यायालयाला राज्यांना अशी पदे मंजूर करून भरण्याचे निर्देश पुन्हा द्यावे लागले.

प्रत्येक शाळेत स्वतंत्र पद शक्य नसल्यास, काही शाळांच्या समूहासाठी फिरत्या विशेष शिक्षकाचा पर्याय उपलब्ध आहे. मात्र अशा शिक्षकाकडे शाळा किती आणि प्रत्येक मुलासाठी आठवड्यातून वेळ किती, याचा हिशेब प्रशासनाने ठेवला नाही, तर कागदावर पद भरलेले दिसेल आणि वर्गातील मूल मदतीविनाच राहील.