सोनकीचे बिऱ्हाड

शेवंती, अबोली, कुंडीतला कढीलिंब, गुलाबाची कलमे अशी नाना बिऱ्हाडे या सदरातून वर्षभर तुमच्या गॅलऱ्यांत पाठविली. बहुतेकांनी ती सांभाळली. काहींनी ती मेल्याची पत्रे पाठविली, तीही मी जपून ठेवली आहेत. दिवाळी अंकासाठी मात्र अशा एका झाडाविषयी लिहावयाचे योजले आहे, की जे मला कोणत्याही नर्सरीत मिळाले नाही, ज्याला दिडकीही पडत नाही आणि ज्याने मला लागोपाठ दोन वर्षे नापास केले. दुसऱ्यांना नापास करण्यात ज्याची निम्मी हयात गेली, त्या माणसाला ही गोष्ट किती लागते हे वाचकांनी समजून घ्यावे.

झाड आहे सोनकीचे. पावसाळ्यात तुम्ही सिंहगड चढला असाल किंवा साताऱ्याहून पंचवीस किलोमीटरवरच्या कासच्या पठारावर गर्दीत उभे राहून आला असाल, तर तुम्ही ती पाहिलीच आहे. नाव ठाऊक नसेल एवढेच. भाद्रपदाच्या सुमारास घाटमाथ्यावरचे गवताळ उतार एकाएकी पिवळे होतात, कुणी हळदीची परडी लवंडून दिल्यासारखे. ती सोनकी. रोप गुडघ्याच्या आतबाहेर, पाने करवतीच्या दातांची, आणि फूल पाहाल तर रुपयाच्या नाण्यापेक्षा फारसे मोठे नाही. तेही खरे म्हणजे एक फूल नव्हे. सूर्यफुलाप्रमाणेच मधल्या टिकलीत बारीक बारीक फुलांची दाटी असते आणि भोवतालची प्रत्येक पाकळी हे स्वतंत्र फूल. एका देठावर सारे एकत्र कुटुंब!

शास्त्रीय नाव सिनेशियो बॉम्बेएन्सिस. आडनाव आमच्या मुंबईचे, म्हणून ते लक्षात राहते. पूर्वीच्या पुस्तकांत हिला ग्रॅहमचे नाव दिलेले आढळते. १८३९ साली मुंबई आणि तिच्या आसपासच्या वनस्पतींची यादी ज्याने छापली, तोच हा जॉन ग्रॅहम. ‘सिनेशियो’ हा शब्द लॅटिनमधल्या म्हाताऱ्यावरून आला आहे. इतक्या तजेलदार पोरीला म्हातारीचे नाव का, हे फुले गळून बोंडावर पांढरा कापूस आला की कळते.

आता हे झाड मला घरी हवे कशाला होते, ते सांगतो. माझ्या आईचे माहेर जावळी खोऱ्यातले. तिच्या लहानपणी तेरड्याच्या गौरी घरात आल्या की त्यांच्यापुढे ओंजळभर सोनकी ठेवायची, आणि ती आणायची कामगिरी मुलींची. गुडघे दुखू लागल्यापासून आईचे तिकडे जाणे बंद झाले. आमचे घर पुण्यात दुसऱ्या मजल्यावर. गौरी येतात त्या पितळी मुखवट्यांच्या आणि त्यांच्यापुढे बाजारातला झेंडू. तीन वर्षांपूर्वी झेंडूची माळ ओवता ओवता ती सहज म्हणाली, “सोनकी पाहून किती वर्षं झाली रे?” मी ताबडतोब म्हणालो, “पुढच्या वर्षी आपल्या गॅलरीत फुलवतो.” बागेवर सदर लिहिणाऱ्याने असे काही बोलू नये. पण बोलून गेलो.

त्या दिवाळीच्या सुट्टीत घाटरस्त्याने येताना मोटार थांबवून मी रस्त्याकडेच्या पिवळ्या फुलांचे सुकलेले बी रुमालात बांधून आणले. २०२३च्या पावसाळ्यात ते असे तरारून आले की मी शेजाऱ्यांना बोलावून दाखविले. पुरुषभर उंच! केशरी-पिवळी फुले! आईला खुर्चीसकट गॅलरीत नेऊन बसविले. तिने चष्मा पुसला, एक फूल हातात घेतले आणि म्हणाली, “ही नव्हे रे बाबा.”

ती नव्हतीच. तो होता कॉसमॉस, मूळचा मेक्सिकोचा, शोभेसाठी बागांत आलेला आणि आता कुंपणे ओलांडून पुण्याभोवतीच्या टेकड्यांवर, रस्त्यांच्या कडांना पसरलेला. पुष्कळजण त्यालाच सोनकी समजून फोटो काढतात, तेव्हा फरक नीट सांगून ठेवतो. कॉसमॉसची पाने चिरून चिरून बारीक केलेली, फुलात केशरी छटा, आणि बी सुईसारखे लांब, काळपट, धोतराला चिकटणारे. सोनकीचे पान अखंड व दातेरी, पिवळा रंग लिंबाकडे झुकणारा नव्हे तर निखळ सोन्याचा, आणि बी इवलेसे, डोक्यावर पांढऱ्या कापसाचा तुरा घेतलेले. फुंकर मारली की उडते. आईने हे सारे एका क्षणात ओळखले. मला त्यासाठी तीन पुस्तके उघडावी लागली.

दुसऱ्या वर्षी बी खात्रीचे मिळाले. आमच्या महाविद्यालयातला एक विद्यार्थी जावळीकडचा. त्याने दिवाळीनंतर परत येताना आपल्या शेताच्या बांधावरचे बी वर्तमानपत्राच्या पुडीत आणून दिले. इथे एक गोष्ट आवर्जून सांगावीशी वाटते. कासवरून किंवा कोणत्याही राखीव रानातून रोप उपटून, बी ओरबाडून आणू नका. ते पठार २०१२पासून पश्चिम घाटाबरोबर जागतिक वारशाच्या यादीत आहे. पण यादीत नसते तरी ते आपले परसदार नव्हे. आणि फुललेले रोप मुळासकट आणून कुंडीत लावले तर सोनकी आठ दिवसांत माना टाकते. पावसाळी, एका हंगामाचे झाड. एवढा प्रवास तिला झेपत नाही.

पुडीतल्या बियांचे मी तीन भाग केले. पहिला भाग उतावीळपणाने नोव्हेंबरातच एका कुंडीत पेरला. रोज झारीने पाणी घालीत होतो. महिना झाला, दोन झाले, एक बी डोळा उघडील तर शपथ. शेवटी वैतागून ती माती मी गच्चीच्या कोपऱ्यात, बांधकामातून उरलेल्या खडी-विटांच्या ढिगावर ओतून टाकली.

दुसरा भाग जूनमध्ये पेरला आणि त्यासाठी, काय सांगू, चांगली बारा इंची कुंडी घेतली. खाली खापऱ्या, वर पोयट्याची माती, त्यात शेणखत, त्यावर लेंडीखत, पंधरा दिवसांनी पेंडीचे पाणी. रोपे उगवली आणि वाढली म्हणजे किती वाढली! पाने हाताच्या पंजासारखी, खोड लुसलुशीत. गॅलरीत ऊन एकाच बाजूने, म्हणून सारी रोपे बाहेर वाकून रस्त्यावरची रहदारी पाहू लागली. ऑगस्टात कोवळ्या शेंड्यांवर माव्याची फौज बसली. आधाराला काड्या लावल्या तर काड्यांसकट पडली. गौरी आल्या तेव्हा एकही कळी नव्हती.

“खत किती घातलंस?” आईने विचारले. मी हिशेब सांगितला. ती हसली. “डोंगरावर कोण घालतं रे? कातळावर चार बोटं माती असते. तिला पोटभर वाढलंस, मग ती फुलेल कशाला?”

ह्यातली खरी चुटपुट पुढेच आहे. गौरींच्या आदल्या आठवड्यात आमची कन्या पतंगाचा दोरा शोधायला गच्चीवर गेली होती. तिने येऊन सांगितले, की खडीच्या ढिगावर दोन लहान झाडे आहेत, दातेरी पानांची, आणि शेंड्यांना कळ्या आहेत. नोव्हेंबरात मी टाकून दिलेले बी! उन्हाळाभर तापून, जूनच्या पहिल्या सरींनी ते आपले आपण उठले होते. मी म्हणालो, रविवारी वर जाऊन पाहू. शनिवारी गच्चीच्या डागडुजीसाठी माणसे आली आणि त्यांनी ढीग पोत्यांत भरून नेला. त्यांचा काहीच दोष नव्हता. विटांच्या ढिगाऱ्याला बाग म्हणायचे, हे त्यांना कोणी सांगितले होते? दोष माझ्या रविवारचा.

आईला मी हे दोन महिने सांगितले नाही.

राहता राहिला बियांचा तिसरा भाग. तो कागदाच्याच पुडीत, डब्यात न कोंडता, पुस्तकांच्या कपाटावर कोरडा ठेवला होता. यंदा, म्हणजे २०२५मध्ये, पाऊस मेअखेरीसच येऊन ठेपला. मुंबईत तर तो २६ मेलाच दाखल झाला. मी आधीच तयारी करून बसलो होतो. ती तयारी तुम्हांलाही करता येईल, म्हणून सांगतो.

कुंडी घेऊ नका. पसरट, उथळ भांडे घ्या. मी जुनी घमेली घेतली आणि त्यांच्या बुडाला खिळ्याने सात-आठ भोके पाडली. खाली सुपारीएवढी खडी, वर मुरूम, आणि सर्वांत वर चार बोटे साधी लाल माती, तीही मुरूम मिसळून. खत नाही. शेणखत नाही, पेंड नाही, चहाचा चोथासुद्धा नाही. बी मातीत पुरू नका. चिमटीने वर भुरभुरवा आणि तळव्याने नुसते दाबा. घमेले उघड्यावर ठेवा, जिथे वरून पाऊस आणि चारी बाजूंनी उजेड येईल. गॅलरीच असेल तर कठड्याबाहेरच्या जाळीत ठेवा. एकच रोप ठेवू नका. विरळणी करून पाच-सात ठेवा, म्हणजे ती एकमेकींना धरून उभी राहतात.

पाण्याचे गणित तेवढे सांभाळावे लागते. महाबळेश्वराला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस, पुण्याला सातशेच्या आसपास. तेव्हा तिकडच्यासारखी ती सतत भिजत नाही. उघडीप चार दिवस टिकली की सकाळी एकदा पाणी द्यावे. पण भोकांतून ते वाहून गेले पाहिजे. पाणी साचले की मूळ कुजलेच म्हणून समजा.

माझ्या बुद्धीला पटावे म्हणून मी पुस्तकातही शोधले. ह्याच कुळीतली एक पिवळ्या फुलांची बाई इटना ज्वालामुखीच्या उतारांवरून ऑक्सफर्डच्या वनस्पती-उद्यानात आणली होती. तिथली पोसलेली माती सोडून ती भिंतींच्या फटींत शिरली, आणि रेल्वे आल्यावर रुळांखालच्या खडीवरून इंग्लंडभर पसरली. आमच्या आईचे म्हणणे आणि हे म्हणणे एकच. फक्त आईने ऑक्सफर्ड पाहिलेले नाही.

एक सावधगिरी. ह्या कुळीतल्या अनेक झाडांत यकृताला अपाय करणारी द्रव्ये असतात. म्हणून लहान मुले पाने-फुले तोंडात घालणार नाहीत, कुणाची शेळी तोंड लावणार नाही, हे पाहा. कुणी औषध म्हणून काढा सांगितला तर ऐकू नका. गंमत अशी, की रुईवर वाढणाऱ्या नारिंगी-काळ्या फुलपाखरांच्या नरांना असल्याच द्रव्यांची ओढ असते; माद्यांना भुलविणारा सुवास ते त्यांतून तयार करतात. ह्याला रसशास्त्र म्हणावे की रसायनशास्त्र, हे ठरविणे मराठीच्या प्राध्यापकाला अवघडच.

यंदा गौरीही लवकर आल्या, ऑगस्टच्या अखेरीस. घमेल्यांत वीतभर उंचीची, आखूड, ताठ रोपे होती. शेंड्यांना कळ्या होत्या, पण हिरव्या आणि घट्ट मिटलेल्या. मी रोज दोनदा गच्चीवर जात होतो. आमची ही म्हणाली, “तुमच्या जाण्याने काही लवकर फुलायची नाहीत ती.” गौरी जेवल्या, दोन सप्टेंबरला गेल्या. झेंडूच होता. आई काही बोलली नाही, आणि ते न बोलणे मला ऐकू येत होते.

नऊ सप्टेंबरला सकाळी पहिले फूल उघडले. संध्याकाळपर्यंत आणखी चार. ते घमेले खडीने असे जड झाले होते की पहारेकऱ्याच्या मदतीने दोघांनी धरून दोन जिने उतरविले आणि आईच्या खिडकीशी ठेवले. तिने चष्मा पुसला. बराच वेळ ती पाहत होती. मग करवती पानाच्या कडेवरून बोट फिरवीत म्हणाली, “हीच.”

मी म्हणालो, “गौरी गेल्या ना पण. आठवडा उशीर झाला.”

“त्या गेल्या,” ती म्हणाली, “मी आहे ना अजून.” आणि फुले तोडायची का, असे विचारता नको म्हणाली, बी धरू दे म्हणाली.

हे लिहितो आहे तेव्हा सप्टेंबर सरत आला आहे. रोपांवर अठरा फुले आहेत. ही मोजणी आईची, मी फक्त उतरून घेतली. अंक तुमच्या हाती पडेल तेव्हा टिकल्या सुकून पांढरा कापूस फुटू लागलेला असेल. बी धरण्याची वेळ तीच. वारा सुटण्यापूर्वी, सकाळी, सुकलेल्या बोंडांवर मलमलीचा तुकडा सैल बांधावा, नाहीतर सारे पीक शेजाऱ्याच्या गॅलरीत जाते. आमच्याकडे तो तुकडा आताच धुऊन, घडी घालून आईच्या उशाशी ठेवलेला आहे. घमेल्यातली माती मात्र रोपे वाळली तरी फेकायची नाही, दिवाळीच्या साफसफाईतसुद्धा नाही, हे मी घरात सर्वांना बजावले आहे आणि घमेल्यावर खडूने लिहूनही ठेवले आहे: ‘रिकामे नाही.’