अग्नीची पारख

सोन्याची पारख अग्नींत होते, हें आमच्या वाचकांस सांगावयास नको. पण खुद्द अग्नीची पारख कशानें करावी? जिनीव्हाजवळील सर्न संस्थेंत शिशाचे अणुगर्भ एकमेकांवर आदळवितात, तेव्हां क्षणमात्र २ लक्ष कोटि अंशांहून अधिक उष्णतामान उत्पन्न होतें. सूर्याच्या गाभ्यांत तें अवघें दीड कोटि! या तापांत प्रोटॉन व न्यूट्रॉन वितळून आंतील क्वार्क मोकळे होतात. तेथें कोणता उष्णतामापक टिकणार?

१९८६ सालीं मात्सुइ व सात्झ यांनीं एक युक्ति सुचविली. १९७४ सालीं सांपडलेला जे-साय कण म्हणजे चार्म क्वार्क व त्याचा प्रतिक्वार्क यांचें जोडपें. भोंवतालच्या मोकळ्या कणांच्या गर्दींत त्या दोघांमधील ओढ झांकली जाते व जोडपें फुटतें. तेव्हां जोडपीं घटलीं कीं ताप ओळखावा! बॉटम क्वार्कांच्या अप्सिलॉन कणांत तर बंध जितका सैल, तितकी तूट अधिक, असेंच सर्न येथें दिसून आलें.

जे-सायनें मात्र शास्त्रज्ञांस चकविलें. अमेरिकेंतील कमी शक्तीच्या यंत्रापेक्षां सर्नच्या यंत्रांत त्याची तूट कमीच भरली! कारण तेथें एकेका टकरींत चार्म क्वार्क इतके उपजतात कीं, ताप निवतांना पूर्वीं एकमेकांचे नसलेले दोघेही जुळून नवें जोडपें होतें.

घरचा हिशेब ठेवणाऱ्या आमच्या भगिनींस यांत नवल वाटणार नाहीं. नुसती शिल्लक पाहून खर्च सांगतां येत नाहीं. मध्यंतरींची जमाही पाहावी लागते.